डावी भुवई

सिद्रामअण्णांनी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात जे पुस्तक आणलं, त्यातल्या एकाही माणसाला तोंड नव्हतं.

पुस्तक दहावीचं, मराठीचं. पान उघडलं तर शेतकऱ्याचं चित्र. डोक्यावर पागोटं, खांद्यावर नांगर, आणि पागोट्याखाली नुसता पांढरा गोल. पुढच्या पानावर फळ्याशी उभ्या असलेल्या बाई, साडीचा काठ अगदी नीट काढलेला आणि मानेवर पांढरा गोल. प्रत्येक चेहऱ्याच्या मापाचा कागद कापून, खळ लावून, कडा दाबून चिकटवला होता. वेळ भर दुपारची. सोलापुरात, आमच्या शुक्रवार पेठेत, त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मशीनचा उजेड पानांखालून सरकत होता आणि ट्रेमध्ये एकामागून एक बिनतोंडाची माणसं येऊन पडत होती.

"अण्णा, हे कुणी केलं?"

"मी."

"का पण?"

"बघतात ती," अण्णा म्हणाले. मग त्यांनी प्रत्येक प्रत उजेडाला धरून पाहिली, घडी घातली आणि निघून गेले.

मी स्वभावाने भित्रा नाही. तरी त्या दिवशी दुकान बंद करताना ट्रेमध्ये राहिलेलं एक खराब पान मी पालथं घालून ठेवलं.

उजेडाला धरून पाहणं ही अण्णांची जुनी खोड. चादरीच्या कारखान्यात ते तीस वर्षं चेकर होते. मागावरून उतरलेली चादर दोन खांबांमध्ये ताणायची, मागून उजेड सोडायचा आणि कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय ते शोधायचं. चूक दिसली की अण्णा तोंडाने एक अक्षर बोलत नसत. फक्त डावी भुवई वर जायची. कारखान्यात मालकापेक्षा त्या भुवईचा धाक जास्त होता म्हणतात. रिटायर झाल्यावर चादरी संपल्या, भुवई राहिली. अण्णा लग्नाची पत्रिका उजेडाला धरायचे, पापड धरायचे, एकदा तर शेजारच्या तान्ह्या बाळाचा कान धरून पाहिला. "उजेडाला धरल्याबिगर कायच कळत न्हाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आमच्या मातोश्रींनी त्यानंतर त्यांना पापड देणं बंद केलं.

दुसरी खोड रविवारची. अण्णांच्या घरात फोनला रेंज नाही, म्हणून दर रविवारी सकाळी ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत. पुण्याहून त्यांच्या मुलाचा, महेशचा व्हिडिओ कॉल यायचा. महेशचा चेहरा इकडे स्पष्ट दिसायचा. तिकडे त्याला काय दिसत असेल? काळोख. कारण अण्णांचा अंगठा कॅमेऱ्यावर.

"अप्पा, अंगठा! अंगठा काढा की."

"फोन बिघडलाय."

मी एकदोनदा शिकवायला गेलो. अण्णांनी भुवई उचलली. मी परत मशीनकडे वळलो. म्हातारी माणसं, चालायचंच, असं मी समजत होतो.

पण बिनतोंडाच्या पुस्तकानंतर पेठेत कुजबुज सुरू झाली. अण्णांच्या घरातले सगळे फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेत. आरशावर टॉवेल घातलाय. एवढंच काय, भिंतीवरचं घड्याळ उलटं लावलंय, नुसती टिकटिक ऐकू येते. आणि त्यांच्या खालच्या खोलीतली भाडेकरूची पोरगी रोज दुपारी वर जाते आणि लोंबत्या चादरीशी बोलते. करणीचाच प्रकार, असं लोकांचं ठरून गेलं होतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि अण्णांच्या घरी पुढच्या पानांच्या प्रती पोचवायचं काम आठवडाभर लांबवलं.

शेवटी जावंच लागलं. जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडक्यांना पडदे, त्यामुळे तपकिरी उजेड. भिंतीवर ओळीने फ्रेमांच्या पाठी. देवघरावरसुद्धा नॅपकिन. आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी, दोरीवर, जमिनीपर्यंत टेकलेली जाडजूड चादर. तिच्या या बाजूला चटईवर उघडं पुस्तक. माणूस कुणी नाही.

"अण्णा, प्रती आणल्यात," मी म्हणालो.

"बरोबर," चादर म्हणाली. आवाज अण्णांचाच. "आता पुढं."

मी एक पाऊल पुढं झालो. "कुठं ठेवू?"

"घाई न्हाई. परत एकदा सांग."

"प्रती... प्रती आणल्यात."

"चुकलं तर चुकलं. मी हितंच हाय."

चादर जरा फुगली आणि परत आत गेली. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वळून बघतो तर सिद्रामअण्णा. हातात पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली मेथी.

मी जे ओरडलो ते खाली तीन घरांपर्यंत ऐकू गेलं, असं नंतर कळलं.

चादरीमागे एक स्टूल होतं आणि स्टुलावर अण्णांचा जुना मोबाईल. त्यातून अण्णांचाच आवाज येत होता. पाणी प्यायला खाली गेलेली कोमल तांब्या घेऊन आली आणि तिने येऊन मोबाईल बंद केला. पंधरा-सोळा वर्षांची, दोन वेण्यांची, मान खाली घालून चालणारी पोर. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर ती कुणाकडेच बघत नसे.

त्या दिवशी अण्णांनी मला बसवून सगळं सांगितलं. कोमलची आई सुवर्णाताई माळशिरसकडची. नवरा गेल्यावर सोलापुरात येऊन शाळेचे गणवेश शिवते. अख्ख्या गावाच्या पोरांना शाळेत जायला कपडे हिच्या मशीनवरून, आणि हिच्या पोरीचा गणवेश मात्र ट्रंकेत. नववीत कोमलला वर्गात उभं करून वाचायला सांगायचे आणि ती तास संपेपर्यंत तशीच उभी राहायची. नापास झाली, शाळा सुटली. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीला बसवायचं ठरलं, आणि शिकवायला घरमालक पुढे आले. सुवर्णाताईंनी एकच अट घातली होती. या खेपेला जमलं नाही तर पोरगी कायमची मशीनवर.

"पैल्यांदा समोर बसवून शिकवलं मी," अण्णा म्हणाले. "एक म्हैना गेला. काय जमंना. मग चादर तपासतो तशी तपासली तिला. नोडु, बगा, तर कळलं, पोरगी पुस्तक वाचतच न्हाई. ती मला वाचती. बरोबर बोलायची, माझी ही भुवई जरा हलली की बोललेलं पुसायची आणि चूक सांगायची. भुवईचं काय, ती माशी बसली तरी हलती."

म्हणून त्यांनी घरातले सगळे चेहरे झाकले. स्वतःचा पहिला.

"आणि घड्याळ?"

"ते सुदीक बघतं की. किती वेळ लावतीस म्हणून."

"आणि देव?"

"देवाला इचारलंय मी. पेपर होईस्तोवर चालंल म्हणाला."

बाकी अभ्यासक्रमही त्यांनी कारखान्याच्या हिशोबाने फाडून शिवला होता. अक्षरशः फाडून. पुस्तक एका वेळी एकच पान, बाकीचं दुसऱ्या खोलीत. पुठ्ठ्याला एक खाच पाडलेली, तिच्यातून एकच ओळ दिसायची. "अख्खी चादर कोन बघतं? वीतभर बघायचं, मग सरकवायचं." बीजगणित उभ्या-आडव्या धाग्यांवर. इतिहास कोमलने आपल्याच आवाजात मोबाईलमध्ये सांगून ठेवायचा आणि पोळ्या लाटताना ऐकायचा. आणि जे तिला पुन्हापुन्हा विचारावं लागतं, ते अण्णांनी रेकॉर्ड करून ठेवलेलं. "तिसऱ्यांदा सांगताना मानसाचा आवाज बदलतो बगा. कितीबी गोड मानूस असू दे. ह्या डबीचा बदलत न्हाई."

मला त्या माणसाची भीती वाटायची ती तिथंच गेली, असं म्हणणं खोटं होईल. भीती राहिली, फक्त तिच्यात माया मिसळली.

दसऱ्यानंतर चादर निघाली आणि तिथं टॉवेलचं कापड आलं. अण्णांच्या सगळ्या बेताचा हा शेवटचा धागा होता. तोंडी परीक्षा द्यायला कोमलला फेब्रुवारीत नेमून दिलेल्या शाळेत जायचं होतं. तिथे समोर परका माणूस, परका चेहरा, आणि मध्ये कापड नाही. म्हणून कापड महिन्या-महिन्याने पातळ करत न्यायचं. टॉवेलमागे नुसती सावली दिसायची. जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली आणि मलमल लागली. मी प्रती द्यायला जायचो तेव्हा दर वेळी त्या कापडातून एक माणूस थोडा थोडा वर येत असायचा. आधी खांदे आले, मग डोकं, मग नाक कुठं आहे ते कळायला लागलं. नजर कुठं आहे ते मात्र कळत नव्हतं. भिंतीवरच्या फ्रेमा पाठमोऱ्या, घड्याळाची टिकटिक, आणि त्या धुरकट आकृतीपुढे एक मुलगी खणखणीत आवाजात कविता वाचतेय. हो, खणखणीत. ती वाचत होती.

तोंडीला आठवडा राहिला तेव्हा अण्णा दुकानात आले. "तुमी परीक्षक म्हणून बसा. तुमचा चेहरा ह्या कामाला लई चांगला. त्यावर कायच दिसत न्हाई."

याला अपमान म्हणावं की नाही ते न ठरवता मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कोमल समोर उभी राहिली. दोन ओळी वाचल्या. मग वर बघितलं, माझ्याकडे. आणि थांबली. शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. पण काहीतरी हललं असणार. ती उभीच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे घड्याळ टिकटिक करत होतं आणि मलमलीमागची आकृती दगडासारखी बसली होती.

दारात सुवर्णाताई आल्या होत्या. हातात अर्धवट शिवलेली निळी चड्डी, ओठात टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या अण्णा. लई केलं तुमी. मशीन मोकळीच हाय."

कापडामागून आवाज आला. "उद्या या. समदेच या."

दुसऱ्या दिवशी गेलो. मलमल तशीच होती, मागे अण्णा तसेच.

"कोमल, पडदा काढ."

"नको, अज्जा."

"काढ म्हन्लं ना."

तिने कापड ओढलं. सुवर्णाताई "आगं आई गं!" म्हणून मागे सरल्या आणि मीही सरलो. समोर अण्णा होते आणि नव्हते. कपाळ जे सुरू झालं ते थेट डोळ्यांपाशी येऊन थांबलं होतं. दोन्ही भुवया वस्तऱ्याने साफ. अंड्यावर डोळे काढावेत तसा तो चेहरा आमच्याकडे बघत होता, आणि तो रागावलाय, खूश आहे, का रडतोय, काही म्हणता काही कळत नव्हतं.

कोमल बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी ती कुणाच्या तोंडाकडे सरळ बघत होती. मग तिच्या नाकातून एक बारीक आवाज आला आणि ती हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून हसली. तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

"आता चूक," अण्णा म्हणाले. "बगू काय वर जातंय ते."

ती चुकली. अण्णांच्या कपाळावर डाव्या बाजूला कातडी जरा थरथरली, काहीतरी वर जायला बघत होतं, पण वर जायला तिथं काही नव्हतंच. कोमलने ते पाहिलं आणि पुढची ओळ वाचली.

खाली उतरताना मी म्हणालो, "अण्णा, एवढं करायची काय गरज होती?"

ते जिन्यातच थांबले. "म्हेश दहावीला नापास झाला तवा मी त्याला एक शब्द बोललो न्हाई. मारलं न्हाई. नुसतं बघितलं. त्या राती गेला तो पुन्याला. बारा वर्सं झाली, फोन करतो, येत न्हाई. आता त्यानं फोनवर तरी हे तोंड का म्हनून बघावं?"

तेव्हा मला अंगठ्याचा अर्थ कळला. इतके रविवार मी त्या स्टुलाशेजारी उभा होतो आणि मनातल्या मनात त्यांना हसत होतो. माझी मलाच लाज वाटली.

पुढे निकालही लागला. कोमल पास झाली, गणितात अगदी काठावर, आणि अण्णांनी गुणपत्रिका उजेडाला धरून तपासली. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते तोंडी परीक्षेनंतरच्या रविवारचं.

अण्णा स्टुलावर बसले होते. कोमल पेढे द्यायला आली होती आणि परीक्षेची हकिकत सांगत होती. "सरांनी वाचायला सांगितलं. मधेच त्यांची भुवई वर गेली. मला अज्जांचं कपाळ आठवलं, हसूच आलं. मग वाचून टाकलं सगळं."

फोन वाजला. महेश. अण्णांनी उचलला आणि अंगठा नेहमीच्या जागी गेला.

"अप्पा, परत अंधार. अंगठा काढा की."

"फोन बिघडलाय."

कोमलने फोनकडे बघितलं, मग अण्णांकडे. तिने त्यांच्या अंगठ्याला हात घातला आणि पुठ्ठ्याची खाच सरकवावी तसा तो हळूच बाजूला सरकवला. अण्णांनी विरोध केला नाही. डोळे मात्र मिटून घेतले.

पलीकडे महेश बोलायचा थांबला. मला त्याचा चेहरा दिसत होता. तिशीकडे आलेला गडी, पण त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा बघत होता.

"अप्पा... भुवई कुटं गेली?"

"काढली."

"का?"

"पोरगी भीत हुती."

"मी पन भीत हुतो की, अप्पा."

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. "उशिरा कळलं."

महेशने मान फिरवली. थोड्या वेळाने तो परत स्क्रीनवर आला तेव्हा डोळे लाल होते. "वाढू द्या आता," तो म्हणाला. "काढू नका परत. मी येतो बगायला."

फोन बंद झाला तरी अण्णा तसेच बसून होते. मग त्यांनी तो अंगठा उचलला आणि कपाळावर डाव्या बाजूला, जिथं भुवई होती तिथं, सावकाश फिरवून पाहिला.