सात डुकरांचा वाटा

एप्रिलात मी एका पोस्टकार्डावर 'होय' एवढा एकच शब्द लिहिला आणि मे महिन्यात माझ्या घरावर छप्पर राहिलं नाही. मधे काय काय झालं ते सांगतो.

साल चौऱ्याण्णव. गणेशगुडीपासून आत पाच-सहा किलोमीटरवर तेरा घरांची आमची वाडी. तिथलं पोस्ट मी सांभाळत असे. (पोस्ट म्हणजे माझ्याच पडवीतलं एक टेबल, एक तराजू आणि तारीख अडकणारा एक शिक्का.) मूळचा मी खानापूरकडचा. तिकडच्या दोन हौशी नाटकांची परीक्षणं मी बेळगावच्या 'घाटवाट' साप्ताहिकात लिहिली होती. त्यातल्या एका नाटकाच्या नायकाने नंतर वर्षभर मला ओळख दाखवली नाही. त्यामुळे माझ्या लेखणीला धार आहे अशी संपादक दत्तात्रय मिराशी यांची खात्री पटली.

त्यांचं पत्र आलं. 'बेळगावात हल्ली घरोघरी टीव्हीला डबा जोडून व्हिडिओ गेम खेळतात. ते चांगले की वाईट, हे कोणी लिहीत नाही. आपण लिहावं. निरनिराळ्या प्रकारच्या पाच गेमचं परखड परीक्षण पाठवा. डबा मी पाठवतो. जमेल का?'

व्हिडिओ गेम हा प्रकार मी तोवर डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण समीक्षकाने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. मी 'होय' लिहिलं.

आठ दिवसांनी एसटीचा कंडक्टर उमाजी खोकं घेऊन उतरला. आत एक डबा, दोन रिमोट, पाच कॅसेट आणि एक काळी प्लास्टिकची बंदूक. बायको म्हणजे तारा, ती बंदुकीकडे बघून म्हणाली, "अहो, परीक्षणाला बंदूक कशाला? नाटकवाले मारायला आले की काय?"

"हा कलाप्रकार नवा आहे," मी म्हणालो. "तुला नाही कळायचं."

डबा जोडायला मला तीन दिवस लागले. (तिसऱ्या दिवशी ताराने जोडला.) मग मी वही-पेन घेऊन बसलो.

पहिला गेम मोटारींच्या शर्यतीचा. माझी मोटार सुटल्याबरोबर खड्ड्यात गेली. पुन्हा सोडली, पुन्हा गेली. मी लिहिलं, 'रस्त्यांचं चित्रण वास्तववादी.' दुसऱ्यात एक बुटका माणूस उड्या मारत पळतो. पहिल्याच घळीत तो माझ्या हातून अकरा वेळा पडला. घळीपलीकडे काय आहे हे मला आजतागायत ठाऊक नाही. लिहिलं, 'नायकाचं अटळ पतन मन विषण्ण करतं.' तिसऱ्यात दोन पैलवान एकमेकांना लाथा घालतात. 'भांडणाचं कारण शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. संहिता कच्ची.' चौथ्यात वरून विटा पडतात, त्या रचायच्या. एक ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते म्हणे. माझी कधी भरली नाही. 'आशयाचा अभाव.'

पाचवा शिकारीचा. बंदूक टीव्हीकडे रोखायची. गवतातून बदकं उडतात, मधूनच डुक्कर धावतं. घोडा दाबला की टीव्हीतून 'ठो' असा खणखणीत आवाज. मी दोन दिवस ठो ठो केलं, पण एक पीसही पडलं नाही. बंदूक बिघडली आहे असं माझं मत झालं. तारा तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "द्या बघू इकडे," आणि डाव्या हातात सूप तसंच धरून उजव्या हाताने तिने पहिल्याच दमात तीन डुकरं पाडली.

त्यानंतर रोज दुपारी चारला पोस्ट बंद करून आम्ही बसायचो. ती मारायची आणि मी शेजारी बसून ओरडायचो, "डावीकडे! अगं डावीकडे! गेलं, गेलं!" शनिवारी तिने एका बैठकीत सात डुकरं आणि बेचाळीस बदकं लोळवली. मी लगेच वहीत लिहिलं, 'एकाच बैठकीत मी सात डुकरं आणि बेचाळीस बदकं लोळवली.' (समीक्षकाचा 'मी' फार व्यापक असतो. त्यात बायकोही मावते.)

आता आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी. शेतात घुसलेलं डुक्कर कोणी मारलं तर ते एकट्याचं नसतं. तेराही घरी वाटा जातो. वाटे ठरलेले. बार ज्याचा बसला त्याला मांडी, ज्याने रान उठवलं त्याला फासळ्या, बाकी घरांना सारखं, आणि जो कुत्रा शेवटपर्यंत भुंकत राहिला त्याला मान. कुत्र्याचासुद्धा वाटा कधी चुकत नाही. आणि वाटा कोणी मागत नाही. तो आपणहून घरी पोचला पाहिजे. मागणं कमीपणाचं, आणि न देणं त्याहून वाईट.

रविवारी शेजारची पार्वतीवहिनी रिकामं भांडं घेऊन आली. ताराला म्हणाली, "तारक्का, जरा चिंच हाय काय?" चिंच घेतली तरी ती हलेना. चुलीकडे बघत म्हणाली, "काय शिजतंय?"

"दुधी."

"दुधीच?"

"दुधीच."

"आत्ता गं बाई," असं म्हणून ती भांडं घेऊन गेली. दुधीत एवढं नवल काय, ते आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाडूमामा आले. वाडीतले सगळ्यांत वडीलधारे आणि नेमबाज. पडवीत बसून त्यांनी सावकाश पान लावलं.

"मास्तर, बार बरा बसतोय म्हणं तुमचा. वाडीभर ऐकू येतंय."

डबा आल्याचं उमाजीने सगळीकडे सांगितलं असणार, असं मी धरून चाललो होतो. "जमतंय हळूहळू," मी लाजून म्हणालो.

"किती झाली?"

"परवाची सात. बदकं वेगळी."

लाडूमामांच्या हातातली सुपारी खाली पडली. "सात? मग ठेवता कुठं?"

"ठेवायची कशाला? बटण बंद केलं की संपलं."

हे त्यांना कळलं नसावं. पण ते खोलात गेले नाहीत. "वाडीला काय कळवलं न्हाई."

"वाडीला कशाला त्रास? घरातल्या घरात बरं. आणि हे सगळं आता बेळगावला पाठवायचंय. तिथला माणूस वाट बघतोय."

लाडूमामा उठले. "व्हय व्हय. बेळगावात गिऱ्हाईक लई," म्हणाले आणि पान न खाताच गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला व्हिडिओ गेमची बाजारपेठ बरी ठाऊक आहे.

पुढच्याच आठवड्यात 'घाटवाट'चा अंक आला. मिराशींनी जागेअभावी माझी सुरुवातीची दीड पानं कापली होती. नेमकी तीच, ज्यांत टीव्ही, डबा आणि कॅसेट यांचा उल्लेख होता. शिकारीचा परिच्छेद मात्र चौकटीत, वर मथळा 'एका बैठकीत सात डुकरं!' आणि खाली माझं नाव, गावासकट. भिकाजीने आपल्या चहाच्या हॉटेलात तेवढाच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. मी तिथेच होतो. वाचून झाल्यावर कोणी काहीच बोललं नाही. माझ्या शैलीने सगळे भारावले आहेत असं समजून मी दोनदा 'छे छे, त्यात काय' म्हणालो.

येणाऱ्या रविवारी आमच्या घराची कौलं चाळायची होती. पावसाळ्याआधी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलून परत लावायची. आमच्याकडे हे काम मजुरीने होत नाही. दर घरातून एक माणूस येतो, दिवसात छप्पर होतं, दुपारी यजमान जेवण घालतो. काम लवकर आटपावं म्हणून मी आणि ताराने शनिवारीच सगळी कौलं उतरवून अंगणात रचली. रविवारी पहाटे ताराने दोन कोंबडे शिजत घातले.

आठ वाजले, नऊ वाजले. कोणी आलं नाही. दहाला सूपा धरणाच्या अंगाला काळं भरून येऊ लागलं. वर नुसते वासे, खाली आमचा संसार आणि पोस्टाची टपाल-पिशवी. मला खरंच भीती वाटली. छपराचं तर होतंच, पण नऊ वर्षं ज्या माणसांत राहिलो त्यांच्यातलं एकही माणूस आमच्या दारी येत नव्हतं, आणि का ते ठाऊक नव्हतं.

"जा आणि विचारा," तारा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी लाडूमामांच्या अंगणात गेलो. अर्धी वाडी तिथे बसली होती. मी हात जोडले. "मामा, काय चुकलं माझं?"

 पार्वतीवहिनी फणकारली, "सात डुकरं! आणि शेजाऱ्याला एक हाडूक न्हाई. वर आम्हाला दुधी सांगतंय!"

"आणि उरलेलं बेळगावला इकतंय," भिकाजी म्हणाला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मोठ्याने हसलो. (हसायला नको होतं. हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.) "अहो, ती टीव्हीतली डुकरं!"

"टीव्हीत कोंबली?" लाडूमामांनी शांतपणे विचारलं.

"चला, दाखवतो!"

सगळे आले, पण कौलाला कोणी हात लावला नाही. ढगांतून मधेच कडक ऊन पडत होतं, छप्पर नसल्यामुळे टीव्हीवर काही दिसेना. मग टीव्हीवर घोंगडं टाकलं, आणि त्या घोंगड्याखाली मी, लाडूमामा, भिकाजी आणि मावतील तेवढी डोकी. मी गेम लावला, बंदूक उचलली. डुक्कर धावलं. ठो. डुक्कर निघून गेलं. ठो ठो. तेही गेलं. वीस बार झाले तरी रानात शांतता.

"ह्याला काय बी मारता येत न्हाई," घोंगड्याच्या एका कोपऱ्यातून आवाज आला.

"मग पेपरातली सात?" भिकाजीने विचारलं. "ती खरीच असणार. हे आपल्याला फसवायला दाखवतंय."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. वीज कडाडली. छप्पर की अब्रू, एवढाच प्रश्न होता. मी घसा साफ केला. "तारा, जरा इकडे येतेस?"

शिडीवरून जाळी झाडत असलेली तारा उतरली. तिने पदराला हात पुसले, बंदूक घेतली, आणि कोणी घोंगड्यात नीट बसायच्या आत सात डुकरं पाडली. आठवंही पाडलं.

 मग लाडूमामांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हंजे पेपरात लिहिलंय ती हिनं मारली?"

"हो," मी म्हणालो. ते 'हो' फार हळू निघालं, पण सगळ्यांनी ऐकलं.

त्यावर एवढा हशा उसळला की घोंगडं घसरलं. आणि त्यानंतर खरं परीक्षण सुरू झालं. लाडूमामांनी बंदूक मागून घेतली, दहा बार टाकले, पाच डुकरं पाडली आणि नापसंतीने मान हलवली. "वारं कुठलं ते कळत न्हाई. वारं न्हाई तर शिकार कसली? आणि पयली दोन जिथं मेली तिथनंच तिसरं येतंय. एवढं येडं डुक्कर आपल्या रानात जगंल?" कुत्रा का नाही, हेही त्यांनी विचारलं. पार्वतीवहिनीने विटांचा गेम खेळून बघितला. तिची ओळ लगेच भरली आणि नाहीशी झाली. ती चिडली. "मेहनतीनं रचायचं आणि रचलं की गायब! असलं कौल लावणारा गवंडी मी दारात उभा करणार न्हाई." मोटारीच्या गेमबद्दल भिकाजी म्हणाला, "एवढं पळतंय, पर वाटेत कोण चढत न्हाई, उतरत न्हाई. मग जातंय कशाला?"

मी भराभर वहीत टिपत होतो. दीड पानांच्या माझ्या प्रस्तावनेत यातलं एकही वाक्य नव्हतं. कधी नव्हे ती मला माझीच लाज वाटली, आणि मजाही वाटली.

"कौल!" तारा ओरडली तेव्हा सगळे भानावर आले. तेरा घरची माणसं शिड्यांवर चढली. हातोहात कौलं वर गेली. शेवटची ओळ बसली तेव्हा टपोरे चार थेंब पडले आणि ढग खानापूरकडे निघून गेला. टपाल-पिशवी कोरडी राहिली.

मग पंगत बसली. कोंबड्याचं भांडं लाडूमामांनी आपल्यापुढे ओढलं. "वाटा राहिलाय," ते म्हणाले. "टीव्हीतला का असंना, रीत म्हंजे रीत." सगळे सावरून बसले. त्यांनी मांडी काढून ताराच्या पानात घातली. बार तिचा. फासळ्या उमाजीसाठी राखून ठेवल्या, डबा त्याने आणला म्हणून. बाकीच्यांना सारखं वाढलं. शेवटी पळी घेऊन ते माझ्यापुढे येऊन थांबले.

"मास्तर, ती मारत होती तवा तुमी काय करत होता?"

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "मी शेजारी बसून ओरडत होतो. डावीकडे, उजवीकडे, गेलं गेलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग हाय की तुमचा वाटा," असं म्हणून त्यांनी शोधून शोधून कोंबड्याची मान माझ्या पानात वाढली.

पंगत हसत होती. तारा तर तोंडाला पदर लावून. मी मान खाली घालून मान खाणार, इतक्यात लक्षात आलं, लाडूमामांचा कुत्रा माझ्या पानासमोर येऊन बसला आहे आणि माझ्याकडे एकटक बघतो आहे. त्याचं म्हणणं रास्त होतं. अर्धी मी त्याला दिली.