आपाकाकांचं नाक

आपाकाका कुठलीही वस्तू आधी समोरच्याच्या नाकाखाली धरतात. "कसलो वास येता?" आपण जरा लांबण लावली की लगेच, "वास सांग रे, शाणपणा नको." एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या बापाच्या नाकाला चक्क सोलकढीची वाटी लावली होती. तो बिचारा जेवायचाच राहिला.

वेड म्हणून सोडून द्यावं, तर कारण खरं आहे. आपाकाका धामापूरचे, आमचे शेजारी. उमेदीची वर्षं घाटावरच्या एका वाइनच्या कारखान्यात गेली. तिथे एका तापात त्यांचा वास गेला, तो परत आलाच नाही. नोकरी सोडून गावी आले, पण शिराझचा, म्हणजे काळ्या द्राक्षांच्या लाल वाइनचा, नाद काही सुटला नाही.

दर उन्हाळ्यात ते घाटावरून काळी द्राक्षं मागवतात आणि बागेतल्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, पिंपात चुरडून ठेवतात. "ही उनातली द्राक्षां. साल जाड, पोटात साखर. रागीट असतत." रस फसफसू लागला की साली वर येऊन थर धरतात. तो थर सकाळ-संध्याकाळ हातानं खाली दाबायचा, नाहीतर सगळं आंबून त्याचा शिरका होतो. त्यात आमच्याकडचा उकाडा, म्हणून पिंपाला ओली गोणपाटं. आपाकाका पिंपाला कान लावून बसले की आम्ही खोकायचंसुद्धा नाही.

शिराझ जमली की तिला मिऱ्यांचा वास येतो. मी हुंगून म्हणतो, येतो. त्यांचा विश्वास बसत नाही. साऱ्या गावात त्यांचा भरवसा एकाच नाकावर, काकींच्या. शेजारचं दूध करपलेलं काकींना आपल्या ओटीवर कळतं. पण "त्या सोऱ्याच्या मांगरात मी पाय ठेवचंय नाय," हे त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. दारूचा ग्लास घराच्या उंबऱ्याआतही चालायचा नाही.

"तिणा एकदा वास घेवन सांगल्यान असता, तर बरा झाला असता," आपाकाका मला म्हणायचे. मग उगाचच गोणपाटावर पाणी मारत राहायचे.

यंदा पिंप ऐन भरात असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. कुडाळच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ राहिलो, काकी गुरांपायी घरी. हाताला सलाइन लावलेलं आणि यांचं आपलं एकच, "साली कोण दाबतला रे?" काकी मांगराकडे फिरकणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक.

घरी आणलं तसे ते तडक मांगरात गेले. पिंपाला कान लावला. आत काही आवाज नव्हता. काका तिथेच खाली बसले. मला पाहवेना.

"शिरको झालो मा? खरा सांग."

"कालच गाळलंय," मागून आवाज आला. काकी मांगरात उभ्या होत्या. "इतकी वर्सां तुमची बडबड आयकतंय, माका दाबूक येवचा नाय? आणि मिऱ्यांचो वास येता. जरा जास्तच येता."

त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. काकांनी ते हात धरले आणि नाकाशी नेले. त्या नाकाला काही पोचत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी बराच वेळ वास घेतला.

"कसलो वास येता?" काकींनी हळूच विचारलं.

"मिऱ्यांचो," काका म्हणाले.

काकींनी हात सोडवून घेतले नाहीत.