खाजणवाडीचा बालविभाग

"भाई, तुमी काळजीच करू नकात!" ग्रंथपाल दत्ताराम वायंगणकर छाती पुढे काढून म्हणाला. "चाळीस पोरां उभी करतलंय. रत्नागिरीच्या सायबाक पाय ठेवक जागा मेळाची नाय!"

भाई तांडेल खाजणवाडीच्या सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष. उभा जन्म बोटीवर हुकूम सोडण्यात गेला होता, त्यामुळे ते कुजबुजले तरी खाडीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायचं.

"उभी नको, बसलेली होयी! आणि वाचताना होयी! गेल्या साली अर्ज परत इलो. ह्या साली परत इलो, तर बालविभाग इसराचो. आणि तुजी खुर्ची पण!"

प्रकरण तसं गंभीरच होतं. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. वाचनालयातल्या बालविभागासाठी सरकारी अनुदान मिळण्याची शक्यता होती, आणि सरकारने निम्मा भार उचलला तर उरलेला आम्ही उचलू, असं मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानेही कळवलं होतं. फक्त त्याआधी निरीक्षक साहेब येऊन बघणार होते, की मुलं खरंच वाचायला येतात का.

अर्जात दत्तारामने झोकात लिहिलं होतं, 'रोज सरासरी चाळीस बालवाचक.' खरा आकडा होता शून्य! आणि त्याला कारण होता खुद्द दत्ताराम. मागच्या खोलीत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. कपाटाला कुलूप, खोलीला कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या दत्तारामच्या कमरेला. पोरांच्या हाताला कधी फणसाचा चीक, कधी बांगड्याचं तिखलं. पुस्तकं नासली म्हणजे? दारात पोर दिसलं की तो छत्री उगारून असा धावायचा, जसं काही वाळत घातलेल्या कोलंबीवर मांजर आलंय!

पण एक दिवस पोरं चालवून घेता आली असती. मे महिन्याची सुट्टी होती. त्याने दवंडीवाल्या धोंडूला बोलावलं.

"नीट आयक. उद्या धा वाजता रत्नागिरीचे सायब येतले. पोरांक आंघोळ घालून वाचनालयात हाडा. हात खांद्यापासून धुवा! आणि एकय पोर सुटता नये!"

धोंडूने वाडीवाडीतून शब्दनशब्द तसाच पुकारला. तिथेच सगळा घोटाळा झाला!

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दत्तारामने सतरंजी अंथरली. पावणेदहाला तिच्या सुरकुत्या काढल्या. दहा वाजले तेव्हा सतरंजीवर एक माशी होती, आणि तीही वाचत नव्हती. तेवढ्यात एसटी थांबली. चष्मा, काळी टोपी आणि हातात जाडजूड काळी चामड्याची बॅग घेऊन साहेब उतरले.

"मुलं कुठे आहेत?"

"येतीलच, साहेब! आमच्याकडे रांगेने येतात. रांग लावायला वेळ लागतो."

"तोवर देवघेवीची वही दाखवा." साहेबांनी पानं उलटली. बालवाचकांचं पान नव्या पाटीसारखं कोरं! "एकाही मुलाने पुस्तक नेलेलं दिसत नाही."

"इथेच बसून वाचतात, साहेब. घरी न्यायचं नावच काढत नाहीत!"

"बरं. मग बालविभाग दाखवा."

त्या खोलीत गेल्या वर्षीची कोळिष्टकं होती. "आधी शहाळं घ्या, साहेब!" असं म्हणून त्याने साहेबांना भाईंच्या ताब्यात दिलं आणि वाडीकडे धूम ठोकली.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. फक्त तीन मुलग्यांची आई नर्मदा दारात केरसुणी घेऊन उभी होती, पण झाडायला नव्हे. रोखून!

"नर्मदा, तुजे तिगव झील खंय?"

"माका झील नायत!"

"नायत? मगे दोरयेर ते वीतभर तीन सदरे कोणाचे?"

"घोवाचे!" तिने नवऱ्याचं नाव पुढे केलं.

"अगो, तासभर धाड त्यांका! सायब येवन बसलोहा!"

"बसांदे! हात खांद्यापासून धुवक सांगितलास, तेवाच समाजलंय मी. गेल्या म्हयन्यात पलीकडच्या वाडीत असोच सायब इलेलो. माज्या भाच्याक दोन दिस ताप!"

आता दत्तारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देवीची लस टोचणारा! अख्ख्या गावाला वाटलं होतं, देवी टोचणारा साहेब आलाय!

"अगो, हो टोचणारो न्हय! हो पुस्तकांवालो!"

"आणि ती काळी बॅग?"

दत्ताराम घराघरापुढून ओरडत सुटला, "टोचूचो नाय! कोणाक टोचूचो नाय!" घाबरलेल्या माणसाला सगळं वाक्य कुठे ऐकू येतं? त्यातला 'टोचू' तेवढा घरोघरी पोचला आणि उघडी राहिलेली तीन दारंही धाडधाड बंद झाली!

घामाने भिजून तो परतला तेव्हा साहेबांनी अभिप्रायाची वही पुढ्यात ओढून पेनाचं टोपण काढलं होतं. भाई त्याच्याकडे असे बघत होते, जणू भर समुद्रात बोटीला भोक पाडणारा खलाशी तो हाच!

"एकसुद्धा मूल नाही, वायंगणकर?" साहेबांनी विचारलं. पेन कागदाला टेकलं.

दत्तारामने तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "फिस्स!" मग "श्शू!" मग पुन्हा "फिस्स!"

"मागे कोण आहे?"

"उंदीर, साहेब!"

"हसतात?"

साहेब उठलेच. दत्ताराम दाराच्या कुलपाला कपाटाची किल्ली लावत राहिला. शेवटी भाईंनी किल्ल्या हिसकावून घेतल्या, कुलूप काढलं आणि दार ढकललं.

आत गावातली सगळी पोरं! मागची खिडकी सताड उघडी. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्लेलं कपाटाचं दार कुलपासकट जमिनीवर निजलेलं. एकेका पुस्तकावर तीन-तीन डोकी वाकलेली. मधोमध पालथी पडून सत्यवती नावाची चिमुरडी राजाची गोष्ट मोठ्याने वाचत होती. नर्मदाचे तिघेही तिथेच!

पोरं थिजली. मग एकाला ती बॅग दिसली आणि त्याने असा टाहो फोडला, की बाकीची खिडकीकडे झेपावली!

"थांबा!" साहेब चक्क उंबरठ्यावर बसले आणि त्यांनी बॅग उलटी केली. दोन फायली, पंचा, सुपारीची डबी आणि कागदात बांधलेला बेसनलाडू. पोरांनी लांबून नीट तपासणी केली. सुई नव्हती.

"इथे का लपलात?" साहेबांनी सत्यवतीला विचारलं. आठ वर्षांची पोर, पुढचे दोन दात पडलेले.

"गावभर सोदल्यानी असते. हंय कोण सोदूचो नाय."

"का बरं?"

साहेबांच्या पाठीमागून दत्तारामने हात जोडले, डोळे मिचकावले, मानेने नको-नको केलं. सत्यवतीने ते सगळं शांतपणे बघितलं आणि खरं ते सांगितलं.

"हंय पोरांक कोण येवकच देना."

समोरची खाडी उठून यावी आणि आपल्याला पोटात घेऊन जावी, असं दत्तारामला वाटलं.

साहेब लाडू पोरांत वाटून बराच वेळ त्यांच्यात बसले, एकदोनदा हसलेही. मग बाहेर येऊन त्यांनी लिहिलं, आणि दुपारच्या एसटीने गेले. भाईंनी वही उचलून खणखणीत आवाजात वाचली:

"'खोली आहे, पुस्तके आहेत, उत्सुक बालवाचक आहेत. अडचण केवळ ग्रंथपालांची आहे. अनुदानाची शिफारस करतो. अट अशी की, कुलूप काढावे, आणि ग्रंथपालांनी दर शनिवारी मुलांना तासभर गोष्ट वाचून दाखवावी.'"

अनुदान आलं. मुंबईची मदत आली. खुर्ची वाचली!

शनिवारची तर दत्तारामने आठवडाभर तयारी केली. राजासाठी जाड आवाज, राणीसाठी बारीक. पोरांनी खोली भरली. त्याने खाकरून सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर सत्यवती उठली आणि तिने हात पुढे केला.

"मामा, पुस्तक हाडा हंय. मी वाचतंय. तुमी वाचलास काय सरकारी नोटीस वाचल्यासारख्या लागता!"

पोरांनी माना डोलावल्या. दत्तारामने मुकाट्याने पुस्तक दिलं आणि सतरंजीच्या टोकाला, नर्मदाच्या दोन झिलांच्या मधे अंग चोरून बसला. सत्यवती वाचू लागली. राजा रानात वाट चुकला, अंधार झाला, झुडपात काहीतरी हललं...

"मगे?" दत्तारामच्या तोंडून निघून गेलं. "मगे काय झाला?"

सत्यवतीने पुस्तकावरून डोळे वटारले.

"मामा, मधी बोलूचा नाय! नायतर भायर जावा!"