म्हात्रे सर मध्येच थांबतात

आमच्या कॉलेजात बाकीचे प्राध्यापक परीक्षा घ्यायचे, म्हात्रे सर द्यायचे. तीही रोज. अर्थशास्त्र शिकवताना ऐन रंगात थांबून ते वर्गाला विचारायचे, "माझं कुठं बिघडतंय?" मुलांचं मत वर्षाअखेरीस फॉर्मवर घ्यायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. भात करपल्यावर चव विचारून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

मुलं काय, सांगायचीच. एक म्हणाला, सर फार भरभर बोलतात. दुसऱ्या दिवशी सर इतके सावकाश बोलले की मागची बाकं झोपली. झोप येते अशी तक्रार आली, तेव्हा ते वर्गभर फिरत शिकवू लागले. मग कुणीतरी सांगितलं, तुम्ही दर वाक्याला 'बरं का' म्हणता. सरांनी प्रत्येक 'बरं का'ला वर्गाला टाळी वाजवायला लावली. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मला वाटायचं, पलीकडे भजन बसलंय. प्राचार्यांनी बोलावून समज दिली. सरांनी ती शांतपणे ऐकली आणि सुचवलं की मजकूर उत्तम होता, फक्त आवाज थोडा खाली ठेवावा.

हर्षदा मात्र कधी काही सांगायची नाही. दिघीच्या कोळीवाड्यातली ही मुलगी फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरून कॉलेजला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, विचारलं की मान डोलवायची. एके दिवशी ती यायचीच बंद झाली. आठवडाभर वाट पाहून सर मला सोबत घेऊन बोटीनं तिच्या घरी गेले. आई अंगणात मासळी वाळत घालत होती. हर्षदा दारात येऊन उभी राहिली.

माझं कुठं बिघडलं, असं सरांनी तिलाही विचारलं.

"सर, तुम्ही रोज इचारता," ती खाली बघत म्हणाली. "मना तर पयल्यापासून कायच समजलं न्हाय. सगल्यांसमोर रोज काय सांगू?"

परतताना सर बोटीचा कठडा धरून उभे होते. धक्का जवळ आला तेव्हा म्हणाले, "मीही कॉलेजच्या पहिल्या वर्षी असाच घरी बसलो होतो. मला न्यायला कुणी आलं नाही."

त्यानंतर त्यांनी भर वर्गात विचारणं सोडलं. तास सुटला की दारापाशी थांबून एकेकाला हळूच विचारायचे. हर्षदा परत आली. तिच्यासाठी ते सकाळी लवकर येऊन पहिल्या धड्यापासून शिकवू लागले.

दिवाळीनंतर एकदा भर तासाला शेवटच्या बाकावरून हात वर झाला. "सर, हे परत सांगा ना," हर्षदा म्हणाली.

सरांनी खडू उचलला. फळा पुसून ते पुन्हा पहिल्या वाक्यापासून सांगू लागले.