किशनकाकांची फुंकर

लवंगेचा वास आला की मला विमान आठवते. यात विमानाचा काही दोष नाही. दोष आमच्या किशनकाकांचा आहे. नल्लकुंट्याच्या या इमारतीत मी राहायला आले, त्याच संध्याकाळी दार वाजले. गालात लवंग धरलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते.

"मी किशनराव. समोरच राहतो. विमानदुरुस्तीच्या शाळेत आयुष्य गेलं. विमान वर कसं जातं, ठाऊक आहे का, बेटा?"

मी नाही म्हणायच्या आत त्यांनी टेबलावरचा दिवाळी अंक उचलला, एक पान उघडले आणि कडेची लांब पट्टी टर्रकन फाडली. त्या पानावर माझी कविता होती, अजून शाईचा वास न उडालेली. मी अंक ओढून घ्यायला हात पुढे केला.

"घाबरू नक्को. कविता शाबूत आहे. समास फाडलाय."

पट्टीचे टोक ओठांखाली धरून त्यांनी वरच्या अंगाने फुंकर घातली. खाली लोंबणारा कागद थरथरत उठला आणि आडवा झाला. लवंगेचा ऊन, तिखट दरवळ थेट माझ्या चेहऱ्यावर आला.

"हवा कागदाला बिलगून खाली वळली. ती खाली गेली, म्हणून हा वर आला. बस, एवढंच विमान."

पुढे कळले की काकांच्या घरी चहाला गेलेल्या माणसाची नळाखाली चमचा धरल्यावाचून सुटका नसते. चमच्याची फुगीर पाठ धारेला नुसती टेकवायची. पाणी पाठीवरून वळून एका बाजूला जाते आणि चमचा दुसऱ्या बाजूला, धारेच्या आत ओढला जातो. हवाही अशीच वागते, हे सांगताना काकांचे डोळे असे चकाकत, जणू ती बातमी आजच आली आहे. मीटर बघायला आलेल्या माणसाची बाहीसुद्धा त्यांनी भिजवली होती.

नारायणगुड्याच्या एका लग्नात मात्र मी खरोखर हादरले. अहेराची रांग लागलेली. काकांनी नवरदेवाचा हात हातात घेतला आणि आशीर्वादाऐवजी तोच प्रश्न विचारला. मुलगा इंजिनियर, त्याने अदबीने उत्तर दिले, "पंखाची वरची बाजू फुगीर असते, काका. वरची वाट लांब, म्हणून वरची हवा वेगाने पळते. मागच्या टोकाला तिला खालच्या हवेला गाठायचं असतं ना."

काकांनी हात सोडला नाही, पण चेहरा असा केला की वरमाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"कुणी सांगितलं हे?"

"पुस्तकात होतं."

"वरची हवा आणि खालची हवा काय नवरा-बायको आहेत? जत्रेत चुकामूक झाली तर मागच्या टोकाला भेटू, असं ठरवून निघायला? वरची केव्हाच पुढे निघून जाते, बेटा. ती थांबत नाही कुणासाठी."

नवरी हसू आवरेना म्हणून शेल्यात तोंड लपवू लागली. रांग जेवणाच्या दारापर्यंत तुंबली. तेवढ्यात काकू शांतपणे आल्या, डाव्या हाताने काकांच्या कोटाचे टोक धरले आणि ओढले. "अहो, लोकांना भुका लागल्यात." काका वाक्य अर्धे टाकून मुकाट्याने स्टेजवरून उतरले. त्यांना आवरणारे जगात एवढेच एक साधन होते.

गेल्या हिवाळ्यात अर्धांगवायूने काकूंचा तोच हात नेला.

जिन्यातला लवंगेचा वास थांबला. काका दूध आणत, औषधे आणत, मान खाली घालून आत जात. व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या, पण काकू हाताकडे पाहायलाच तयार नव्हत्या. "हा माझा नाही. कुणीतरी इथं ठेवून गेलंय," एवढेच त्या एकदा म्हणाल्या आणि हात पदराखाली झाकून गप्प झाल्या. आठवडेच्या आठवडे गप्प. त्या बाईंनी मला जिन्यात सांगितले, "त्यांनी हात आपला मानला, तरच पुढं काही होईल. नाहीतर मी येऊन उपयोग नाही."

मग एके सकाळी काकांनी दार वाजवले. "जरा चल. हिला ऑटोत बसवायला दोघं लागतात."

काकू डाव्या कडेला, काका मध्ये, मी पलीकडे. ऑटो टँकबंडवर आला. तलावाचा ओला, शेवाळी वास आत शिरला. काकांनी मागून हात घालून काकूंचा डावा हात पदराखालून काढला. तळव्याखाली एक पुठ्ठा बांधलेला होता, पंखासारखा कापलेला. तो हात त्यांनी सरळ धावत्या ऑटोच्या बाहेर धरला.

"काका, काय करताय हे? त्या आजारी आहेत."

ऑटोवाले गौसभाईही आरशात पाहून दचकले. "साब, अम्माँ का हात अंदर लेव. पोलीसवाला देखा तो मेरेकू पकडता."

"पकडने दो. जरा तेज चलाव."

वारा कानात भरला. हात ओल्या कापडासारखा लोंबत होता. काकांनी मनगट किंचित तिरके केले, पुठ्ठ्याची पुढची कड वर आली आणि हात उठला. त्यांनी खालचा आधार सैल केला; तरीही हात वरच राहिला, वाऱ्यावर हळूहळू डुलत. आणखी तिरके केले तेव्हा तो थरथरून खाली आला. "इतका नक्को," ते स्वतःशीच पुटपुटले. "हवा साथ सोडते." पुन्हा अलगद कोन जुळवला. पुन्हा हात वर.

काकांनी काहीही समजावले नाही. ज्या माणसाने नवरदेवाला सोडले नव्हते, तो बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकून, ओठ घट्ट मिटून बसला होता. त्याचे डोळे हाताकडे नव्हतेच; ते तिच्या चेहऱ्यावर होते.

आणि काकू त्या हाताकडे पाहत होत्या. पापणी न लववता, मान वळवून, कितीतरी वेळ.

मी वाकून हळूच विचारले, "काकू, कसं वाटतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओठ जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"हलकं."