महाराजांच्या शुभहस्ते न्याहारी

एका जंगलात एक दवाखाना होता. हसताय काय रे? आजार काय फक्त शहरातच होतात? जंगलातही होतात. डॉक्टर तेवढे तिकडे फिरकत नाहीत.

तर त्या दवाखान्यात अस्वलराव दाखल होते. त्यांना मधुमेह होता. रोज सकाळी टिटवी सिस्टर त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायची आणि लगेच पुढ्यात न्याहारी ठेवायची. "सुई टोचली की खायलाच हवं, अस्वलराव. नाहीतर साखर भलतीच उतरेल आणि जिवावर बेतेल," असं ती रोज बजावायची.

टिटवी कामाला चोख. पण ती पडली टिटवी. ती ओरडली की अपशकुन होतो, असं अख्खं जंगल मानायचं. म्हणून ती का ओरडते, हे कुणी कधी विचारलंच नाही.

एकदा दवाखान्यात मधुमेह दिन साजरा करायचं ठरलं. दवाखान्याचे प्रमुख होते गेंडासाहेब. त्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून थेट सिंहमहाराजांना बोलावलं. झालं! मांडव पडला, झालरी लागल्या. 'आदर्श मधुमेही' असा एक पुरस्कारही निघाला आणि तो अस्वलरावांना जाहीर झाला. अस्वलरावांनी आनंदाने अंगाला दोनदा कंगवा फिरवला.

सकाळी गेंडासाहेब वॉर्डात आले. "सिस्टर, इंजेक्शनं वेळेवर द्या. महाराज विचारतील."

"दिली साहेब. आता न्याहारी द्या."

"न्याहारी? ती महाराजांच्या शुभहस्ते वाटायची आहे. फोटो काढायचाय."

"महाराज कधी येणार?"

"निघालेत."

अरे बाळांनो, मोठी माणसं 'निघालेत' म्हणजे अजून आंघोळीला गेलेली नसतात. हे टिटवीला पक्कं ठाऊक होतं. ती ओरडली, "साहेब, पेशंट उपाशी ठेवू नका! निदान ट्रॉलीतली अडीअडचणीची साखर तरी हाताशी राहू द्या!"

"साखर? आज? अहो, मधुमेह दिन आहे!" असं म्हणत गेंडासाहेबांनी दवाखान्यातली साखरेची शेवटची पुडीसुद्धा नदीत टाकायला लावली. "आणि किंचाळू नका. शुभकार्य आहे."

महाराज आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मग दिवा लावला. स्वागतगीत झालं. हार, शाल, नारळ झाले. एका कोल्ह्याचं नाव स्वागतात राहिलं म्हणून तो रुसला, त्याला मनवलं. नाचणीच्या भाकऱ्या टोपलीत झाकून होत्या, त्यांच्यावर रेशमी फीत बांधलेली होती.

अस्वलराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना दरदरून घाम फुटला. पंजे लटपटू लागले.

महाराज भाषणाला उभे राहिले. "प्रजाजनहो, साखर म्हणजे विष!" टाळ्या पडल्या. महाराजांनी समोरच्या कोकम सरबताचा घोट घेतला. सरबत चांगलं गोड होतं, कारण पाहुण्यांचं होतं.

अस्वलराव काहीतरी असंबद्ध बरळले आणि मान खाली घातली.

"बघा, बघा!" माइकवरचा पोपट म्हणाला, "महाराजांच्या शब्दांनी अस्वलरावांना कसं भरून आलंय!"

परत टाळ्या.

टिटवीने मात्र अस्वलरावांचा गार पंजा हातात घेतला. ती मांडवभर किंचाळली, "साखर उतरलीय! मरतील ते!"

"हिला कुणीतरी बाहेर काढा रे," गेंडासाहेब दातओठ खात म्हणाले.

टिटवी स्वतःच उडाली. ती सरळ व्यासपीठावर गेली. तिने महाराजांच्या पुढ्यातला सरबताचा पेला उचलला आणि खाली आली. "गिळा, अस्वलराव! झोपू नका! गिळा म्हणते ना!" अस्वलरावांनी कसाबसा घोट गिळला. मग दुसरा. पेला संपला. हळूहळू घाम थांबला आणि त्यांनी डोळे उघडले.

वाचले हो, वाचले!

पण मांडवात कुजबुज सुरू झाली. आदर्श मधुमेह्याने सरबत प्यायलं! तेही साखरेचं! तेही महाराजांचं!

पुरस्कार तिथल्या तिथे रद्द झाला आणि एका सशाला दिला गेला. सशाला मधुमेह नव्हता. त्यामुळे त्याची साखर अगदी आदर्श होती.

सगळ्यात जास्त संतापले ते अस्वलराव. "या बाईने माझं वाटोळं केलं! इतकं पथ्य पाळून मी साखर कशी छान खाली आणली होती!"

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी तिची बदली सापांच्या वॉर्डात झाली.

तिच्या जागी बगळा आला. शांत, पांढराशुभ्र, एका पायावर उभा, डोळे मिटलेले. गेंडासाहेबांना तो फार आवडला.

पुढच्या वर्षी पुन्हा मधुमेह दिन आला. इंजेक्शनं वेळेवर झाली. महाराज निघालेले होते. भाषण मागच्यापेक्षा लांबलं. अस्वलराव पहिल्या रांगेत बसले होते, त्यांना पुन्हा भरून आलं, आणि या वेळी मधे कुणीही ओरडलं नाही. कार्यक्रम इतका शिस्तीत पार पडला की महाराजांनी मुद्दाम कौतुक केलं.

'आदर्श मधुमेही' पुरस्कार अखेर अस्वलरावांनाच मिळाला. त्यांच्या वतीने तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. महाराजांनी स्वतःच्या हाताने तिला एक भाकरी दिली, आणि फोटो सुरेख आला.

तात्पर्य : मुलांनो, इंजेक्शन वेळेवर घ्यावं, न्याहारी मात्र पाहुण्यांच्या सवडीने करावी. तेवढ्यात जीव जायला लागलाच, तर आभारप्रदर्शन होईपर्यंत त्याला थांबायला सांगावं. मधेच वाचवणं बरं दिसत नाही.