सासूबाईंच्या गालावरचा तीळ

"या वाढदिवसाला आई मला शाबास म्हणणार! लिहून ठेव!" हाब्बोने बायकोला बजावलं.

इम्के नुसती हसली. सव्वीस वर्षांत तिच्या आईने, गेस्केबाईंनी, जावयाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. त्याने हौसेने केलेली खुर्ची पहिल्याच चहाला त्यांच्यासकट खाली बसली होती. आता त्यांचा ऐंशीवा वाढदिवस आला, आणि पोस्टातून निवृत्त झालेला हाब्बो निळीची ठसेछपाई शिकून आला. सासूबाईंचा फोटो समोर ठेवून नाशपतीच्या लाकडात त्यांचा चेहरा महिनाभर कोरत बसला.

"ठशाने कापडावर लेप लागतो तिथे नीळ चढत नाही," तो गल्लीभर सांगत सुटला. "म्हणजे पांढरं राहायचं तेवढंच ठशावर उंच ठेवायचं. भल्याभल्यांची इथेच गडबड होते!"

"खुर्चीसारखं नको व्हायला," इम्के म्हणाली.

"अगं, ती लाकडाची होती!"

"आणि ठसा कशाचा आहे?"

वाढदिवसाला टेबलावर नवं निळं कापड अंथरलं. मधोमध गेस्केबाई, हुबेहूब! निळं-पांढरं अगदी चोख. फक्त डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर! ठसा आरशासारखा उलटा उमटतो, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं हा शहाणा साफ विसरला होता.

गेस्केबाईंनी कापड पाहिलं आणि पहिल्याच चहानंतर कपात चमचा ठेवला. आमच्या जर्मनीतल्या ईस्ट फ्रीजलंडात तीन कप झाल्याशिवाय कुणी चमचा ठेवत नाही. ठेवलाच तर माणूस दुखावलं म्हणून समजा.

"थेडा," त्या म्हणाल्या.

थेडा म्हणजे त्यांची जुळी बहीण. तिचा तीळ उजवीकडे होता. आईच्या किटलीवरून दोघींचं फाटलं आणि अकरा वर्षं अबोला चालला. दोन वर्षांपूर्वी थेडा गेली, तेव्हा शेजारच्या गावात असूनही गेस्केबाई मातीला गेल्या नाहीत.

"आई, ते चुकून..." हाब्बो पुटपुटला.

"गप्प बस!" त्यांनी त्या तिळावर बोट ठेवलं. "हट्टी मेली! मी तुझ्या मातीला आले नाही गं. आणि तू बघ, माझ्या वाढदिवसाला आलीस." त्या रडू लागल्या. मग त्यांनी आणखी एक कप आणवला, त्यात खडीसाखर घातली, त्याच किटलीतून चहा ओतला, वर साय सोडली आणि कप कापडावरच्या चेहऱ्याजवळ ठेवला. "किटली तुलाच द्यायला हवी होती," त्या म्हणाल्या.



"हाब्बो, शाबास! माझ्या मनातलं ओळखलंस रे!"

हाब्बोने खरं सांगायला तोंड उघडलं. इम्केने टेबलाखाली त्याचा पाय असा दाबला की ते मिटलं. सव्वीस वर्षांनी शाबासकी मिळाली, आणि तीही चुकीबद्दल!

गेस्केबाईंनी कपातला चमचा बाहेर काढला. "ओत अजून. आणि आता तिच्या शेजारी मला छाप. माझा तीळ डावीकडे बरं का! पण तुला काय सांगायचं, तुझी नजर पक्की आहे."

हाब्बोने मान डोलावली, आणि टेबलाखाली आपले निळे हात बघून त्यातला डावा कुठला ते दोनदा तपासलं.